देवापुढचा गूळ

देवापुढचा गूळ मी चोरून खाल्ला, हे आधीच सांगून टाकते. उशिरा सांगितलं तर तेही लपवल्यासारखं होईल, आणि लपवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मी संयोगिता. माहेर पलूसचं, वय पस्तीस. सांगलीत एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. 'आता दिसतंय? आता?' असं दिवसभर विचारते आणि स्वतःचं मात्र कुणाला काही दिसू देत नाही. घटस्फोटाला सहा वर्षं झाली. आणि एकोणिसाव्या वर्षापासून मला मधुमेह आहे. म्हातारपणी होतो तो गोळ्यांवाला नव्हे. मला दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं, आणि जेवणाआधीचं टोचलं की मग जेवावंच लागतं. नाही जेवलं तर साखर उतरते आणि माणूस आडवा होतो. एवढंच आहे. दोन वाक्यांत सांगून होतं, पण आमच्या घरात ही दोन वाक्यं कुणी कधी मोठ्यानं बोललं नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा माझे वडील, आबा, म्हणाले, "आत्ता काय बोलायचं न्हाई. एकदा लगीन हू दे, मग हळूच सांगू." ती हळूची वेळ आलीच नाही. तिसऱ्या महिन्यात आष्ट्याच्या घरी सासूबाईंना माझ्या साड्यांच्या घडीत सुया सापडल्या. माझा नवरा पृथ्वीराज त्या सुया हातात घेऊन नुसता उभा राहिला होता. पुढं सात वर्षं ओढाताण झाली आणि शेवटी कागदावर शब्द आला तो 'फसवणूक'. मी ज्याला-त्याला सांगत आले, मी सांगणार होते, आबांनी सांगू दिलं नाही. एवढ्या एका वाक्याच्या जोरावर मी सहा वर्षं मान वर करून जगले.

मग विश्वजीत दुकानात आला. मेढ्याकडचा. लष्करात सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, आता भरतीपूर्व प्रशिक्षणाची अकादमी चालवतो. फळ्यावरची अक्षरं वाचा म्हटलं तर परेडला उभा राहिल्यासारखा ओरडून वाचायला लागला. मला हसू आवरेना. त्याचाही घटस्फोट झालेला. आठ महिने झाले आमच्या ओळखीला. महिन्यातून दोनदा तो सांगलीला माझ्या खोलीवर येतो, आणि तो येणार असला की माझं इन्सुलिन फ्रिजमध्ये शेपूच्या जुडीमागं जातं. त्याला शेपू आवडत नाही, म्हणून शेपू. एवढी अक्कल मी दुसऱ्या कशात लावली असती तर आज कुठल्या कुठं असते.

सहलीची कल्पना त्याचीच. बामणोलीजवळ धरणाच्या पाण्याकाठी धनाजी आणि शालूबाई हे नवरा-बायको दोन खोल्या पाहुण्यांना देतात, घरचं जेवण देतात. "तू जगाचं बघत बसतेस," विश्वजीत म्हणाला, "तीन दिवस फक्त स्वतःला जप." मी ते लगेच मनावर घेतलं. चेहऱ्याला मसाज करून घेतला, पायांची नखं रंगवली, तीन नवे ड्रेस घेतले, उटण्याची पुडी घेतली. डॉक्टरीणबाईंकडेही गेले. त्या म्हणाल्या, "वेळा पाळ, पर्समध्ये गोड ठेव, आणि सोबत जो कोणी असेल त्याला सांगून ठेव." पहिल्या दोन गोष्टी मी केल्या. तिसरीला मी मान डोलावली.

पहिला दिवस छान गेला. मी जेवणाआधी न्हाणीघरात जायचे, कडी लावायचे, टोचायचे, तोंड धुऊन बाहेर यायचे. तो म्हणाला, "लय स्वच्छ बाई आहेस." मी हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून थालीपिठाचा वास आला. मी नेहमीसारखी न्हाणीघरात जाऊन इन्सुलिनचे सहा युनिट टोचून घेतले आणि पडवीत येऊन बसले. शालूबाईंनी एकच ताट आणलं होतं.

"सायबांची संकष्टी हाय," त्या म्हणाल्या. "कडक. चंद्र दिसंस्तवर नुसता चहा म्हंत्यात. तुमचं काय वो ताई? तुमाला वाढू न्हवं?"

विश्वजीत म्हणाला, "तू धरतेस का गं? आई माझी कायम धरते." त्यानं सहज विचारलं होतं. धरच असा त्याचा आग्रह नव्हता, डोळ्यांत परीक्षाही नव्हती. 'नाही रे, मला जमत नाही' म्हटलं असतं तर त्यानं माझ्या थालीपिठावर लोणी वाढलं असतं. पण त्या 'आई' शब्दाला मी भुलले. मेढ्याच्या त्या घरात उद्या सून म्हणून मला उभं राहायचं होतं.

"मीही धरते की," मी म्हणाले.

तो इतका खूश झाला! शालूबाईंनी ताट उचलून आत नेलं. सहा युनिट माझ्या पोटात गेलेले होते, आणि मी ते ताट आत जाताना बघत बसले.

घाबरायचं काही नाही, असं मी स्वतःला सांगितलं. चहात तीन चमचे साखर घालायला लावली. विश्वजीत म्हणाला, "तू तर बिनसाखरेचा पितेस ना?" मी म्हणाले, "उपासाला साखरेचा चालतो." खोलीत गेल्यावर पर्समधली बिस्किटं खायची, असं ठरवलं होतं. पण खोलीत जाऊन पर्स खांद्याला लावते न लावते तोच धनाजीनं खालून हाक मारली आणि विश्वजीत मागोमाग आत आला. लाँच तयार होती. पलीकडच्या काठावरच्या वाडीत गणपतीचं देऊळ आहे, संकष्टीला तिथं जायचं विश्वजीतच्या मनात होतं. त्यानं माझ्या खांद्यावरची पर्स काढून कॉटवर ठेवली. "पाण्यात पडली म्हणजे? पैसे आहेत माझ्याकडं. चल." तेव्हाही मला बोलता आलं असतं. पण पर्स कशाला हवी ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि सगळं सांगायला ती वेळ बरी नव्हती. तशी कुठलीच वेळ मला कधी बरी वाटली नव्हती.

पलीकडे उतरून देवळापर्यंत वीस मिनिटांचा चढ आहे. अर्ध्यावर माझे ओठ बधिर झाले. मग हात थरथरायला लागले, पाठीवरून घामाची धार लागली. विश्वजीत खाली नळावर पाय धूत थांबला. मी एकटीच आत गेले. गाभाऱ्यापुढं एका पितळी ताटलीत गूळ-खोबरं ठेवलं होतं. खांबाला टेकून एक म्हातारी वाती वळत बसली होती, ती मला दिसलीही नाही. साखर उतरते तेव्हा पाप-पुण्य वगैरे काही राहत नाही. मी त्या ताटलीतला गुळाचा खडा उचलला, तोंडात कोंबला, दुसरा उचलला. हनुवटीवरून लाळ गळत होती.

"आगं बया!" म्हातारी ओरडली. "निवद दावला न्हाई अजून, आनी खातीस? कुनाची गं तू? घरात काय मिळत न्हाई व्हय?"

एका हातात गूळ आणि दुसऱ्या हातानं मी पोट धरलं होतं, का ते मलाही माहीत नाही. ती जवळ आली. माझा घाम बघितला, थरथरणारे हात बघितले, पोटावरचा हात बघितला, आणि तिचा चेहराच पालटला.

"कितवा गं?" तिनं हळूच विचारलं.

तेवढ्यात विश्वजीत आत आला. त्या म्हातारीनं, नंतर कळलं की तिला मनुबाई म्हणतात, त्याला घंटा वाजवू दिली नाही. "आवं पावनं, गरवारशीला उपास घडवताय? काय अक्कल हाय का न्हाई? पोरगी देवाम्होरला गूळ खायाय लागली भुकंनं. खाऊ दे. गनपती काय रागवत न्हाई दोन जीवांच्या बाईवर." आणि उरलेला सगळा गूळ तिनं माझ्या ओढणीत टाकला.

मी विश्वजीतकडं बघितलं. एक्केचाळीस वर्षांच्या माणसाचा चेहरा असा होताना मी कधी बघितला नव्हता. तो हसत नव्हता. त्याचं तोंड जरासं उघडं राहिलं होतं आणि डोळे भरून आले होते.

"संयू? खरं?"

'नाही' हा एवढासा शब्द. पण तोंडात गूळ होता, पाय अजून लटपटत होते, आणि खरं सांगायचं तर तो चेहरा मला विझवायचा नव्हता. मी मान खाली घातली. बाईनं अशा वेळी मान खाली घातली की आमच्याकडं ते 'हो' समजतात. मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच घातली.

उतरताना त्यानं मला हाताला धरून उतरवलं, दगडादगडाला 'सांभाळून' म्हणत. लाँचमध्ये धनाजीला म्हणाला, "सावकाश घे गड्या, हादरे नकोत." स्वतःचं जाकीट काढून फळीवर घातलं आणि त्यावर मला बसवलं. जो माणूस पोरांना पहाटे पाचला डोंगर चढायला लावतो, तो माझी ओढणी उडू नये म्हणून टोक धरून बसला होता.

मध्यावर आल्यावर तो बोलायला लागला, आणि त्याची भाषा लहानपणीची झाली. "तुला सांगितलं न्हाई कवा. आधीच्या लग्नात दोनदा राहिलं होतं. दोन्ही टायमाला मी वर होतो, बर्फात. फोनवरच कळलं, आनी महिन्या-दोन महिन्यांत फोनवरच संपलं. ती एकटी दवाखान्यात, मी तिकडं. तिनं मला माफ केलं न्हाई ते बरोबरच हाय." त्यानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "ह्या टायमाला मी हाय, संयू. कुठं जात न्हाई."

मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. हे सांगताना आजही माझी कानशिलं तापतात. मला ते सगळं आवडत होतं. इतकं कुणी जपलं नव्हतं मला कधी. माझ्या आजारासाठी मी आयुष्यभर ज्या जपण्याची वाट बघितली, ते मला त्या लाँचमध्ये नसलेल्या बाळाच्या नावावर मिळालं, आणि मी ते घेतलं. अर्धा तास घेत राहिले. 'आबांनी सांगू दिलं नाही' असं मी सगळ्यांना सांगत आले. त्या लाँचमध्ये आबा कुठं होते?

काठाला लागल्या-लागल्या त्यानं शालूबाईंना हाक मारली. त्याला राहवलंच नाही. शालूबाईंनी कपाळाला हात लावला. "आनी सकाळी कोरड्या चहावर घालवलं मी! ताई, सांगायचं न्हाई व्हय? तीन म्हैनं हुईस्तवर जगाला सांगू नगा, पर घरात तर सांगाल?" त्यांनी मला पाटावर बसवलं, मूठभर मीठमोहऱ्या माझ्यावरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या. "बगा, किती दिष्ट लागली हुती." विश्वजीत दारात उभा राहून बघत होता. मी पायांच्या रंगवलेल्या नखांकडे बघत बसले. धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात ना, तसंच वाटत होतं.

भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. जेवण व्हायला दहा मिनिटं होती, म्हणजे टोचायची वेळ झाली होती. पर्समधली पिशवी ओढणीखाली धरून मी न्हाणीघरात गेले आणि कडी लावली. साखर बघितली. मग कुडता वर केला, इन्सुलिनच्या पेनाची सुई पोटात घातली, बटण दाबलं. औषध पूर्ण जाईपर्यंत दहा अंक मोजायचे असतात.

दारावर थाप पडली. "संयू? उलटी होतेय का? आतून कडी लावू नको गं. चक्कर आली म्हणजे? मी इथंच उभा आहे, बघत नाही आत. फक्त कडी काढ."

मी चार म्हटलं, पाच म्हटलं. सोळा वर्षांत कडीपलीकडून असं कुणी बोललं नव्हतं, आणि आता बोलणारा माणूस भलत्याच कुणाशी बोलत होता. आठ, नऊ. दहा झाले तशी मी सुई काढली. पेन हातात तसंच ठेवलं, कुडता वरच धरला आणि कडी काढली.

त्यानं आधी पेन बघितलं. मग माझं पोट बघितलं. तिथं जुन्या सुयांचे निळसर डाग आहेत. अंधारात ते त्याला कधी दिसले नव्हते.

"इन्सुलिन आहे," मी म्हणाले. "मला मधुमेह आहे. एकोणीस वर्षांची होते तेव्हापासून."

त्याला ते उमगायला वेळ लागला. मग काळजीनं त्यानं विचारलं, "मग बाळाला चालतं ना हे?"

त्यानं मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"बाळ नाहीये, विश्वजीत. सकाळी टोचून घेतलं होतं आणि उपास धरला म्हणून खाल्लं नाही. साखर उतरली म्हणून गूळ खाल्ला. त्या बाईंना वाटलं ते त्यांचं वाटणं होतं."

"आणि तू?"

"मी मान खाली घातली."

"लाँचमध्ये मी एवढं बोललो."

"हो."

"तू ऐकत होतीस."

"हो."

त्याचा चेहरा विझला, असं मला म्हणायचं होतं, पण तसं नव्हतं. तो नुसता उभा राहिला, पेनाकडं बघत. पृथ्वीराज तसाच उभा राहिला होता, हातात सुया घेऊन. तेरा वर्षं मी त्याला दगड म्हणत आले होते. त्यालाही काही लागलं असेल हे त्या न्हाणीघराच्या दारात पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं. 'आबांनी' हा शब्द सवयीनं माझ्या ओठांवर आला होता. तो मी गिळला.

"आजाराचं मला काय नव्हतं गं," विश्वजीत म्हणाला. आवाज फार खाली गेला होता. "आमच्या युनिटमध्ये पाय गेलेली माणसं होती, त्यांचं आम्ही सगळं केलं. पण लाँचमध्ये तरी..." तो जाऊन पायरीवर बसला, माझ्याकडं पाठ करून.

मलाही कुठंतरी जाऊन तोंड लपवावंसं वाटत होतं. खोलीत जावं, पांघरूण डोक्यावर घ्यावं, दोन दिवस उठू नये. पण पोटात इन्सुलिन गेलेलं होतं आणि त्याला लाज कळत नाही. पंधरा मिनिटांत जेवायला हवं होतं. शालूबाई ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मी जाऊन त्यांच्यासमोर पाटावर बसले. "शालूबाई, मी गरवार नाही. मला साखरेचा आजार आहे. सकाळी संकष्टी धरली म्हटलं तेही खोटं. मला आत्ता जेवायला लागेल."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "एवढंच हुतं व्हय?" त्या म्हणाल्या. आवाजात माया नव्हती. "एवढ्यासाठी त्या मानसाला फुडं-मागं नाचवलं? आमच्या जावंला बी हाय की साखर. ती काय मरायला टेकली न्हाई." ताट त्यांनी माझ्यापुढं ठेवलं, जरा आदळूनच. त्यांचं बरोबर होतं.

मी जेवायला लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते भाजीत पडू नये म्हणून मान वळवून मनगटानं पुसत होते. धनाजी अंगणातून आत डोकावला आणि परत फिरला. पायरीवर विश्वजीतची पाठ दिसत होती. रडत जेवणाऱ्या बाईइतकं केविलवाणं जगात काही नसेल, पण मी घास मोजत जेवत राहिले.

थोड्या वेळानं तो उठला. वाटलं, गाडी काढतो आता. पण तो आत आला आणि उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसला. त्याचा उपास होताच. त्यानं माझ्या ताटाकडं बघितलं, माझ्याकडं नाही.

"किती खायचं असतं टोचल्यावर?"

"दोन भाकऱ्या तरी."

"तू जेवून होईपर्यंत मी इथं बसतोय. पडलीबिडलीस तर कुणीतरी हवं. नंतरचं मला माहीत नाही. आत्ता माझ्याशी बोलू नको."

एक भाकरी संपली. शालूबाई टोपली घेऊन आल्या. "बास का आनी देऊ?" त्यांनी विचारलं. असं विचारलं की आष्ट्याला मी नेहमी 'बास' म्हणायचे, लोकांना हावरट वाटू नये म्हणून, आणि मग कोठीच्या खोलीत जाऊन साखरेचा डबा उघडायचे. शालूबाई वाट बघत होत्या. विश्वजीत बघत होता. माझं तोंड लाजेनं पेटलं होतं, आणि हिशेबानं अजून एक भाकरी बाकी होती.

"वाढा," मी म्हणाले.